जुनी फायबरग्लासची केबिन क्रूझर नीट करायचीय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मिशिगनमध्ये लेक सेंट क्लेअरवर आमची १९८७ची २६ फुटी केबिन क्रूझर आहे. घेतली तेव्हा एका यार्डात मागच्या कुंपणाशी गवतात उभी होती, आत पाणी साचलेलं, वर फाटकी ताडपत्री. तीन हिवाळे आणि मधले जवळजवळ सगळे शनिवार-रविवार घालून आम्ही नवरा-बायकोने ती परत पाण्यात उतरवली. तेव्हापासून मराठी मंडळींचे फोन येत असतात, कुणी न्यू जर्सीहून, कुणी सिॲटलहून, एखाद-दुसरा मुंबई-गोव्याहूनही, आणि प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

ताई, बोट जवळजवळ फुकट मिळतेय. घेऊ का?

किंमत बाजूला ठेवा आणि पाणी कुठे कुठे शिरलंय ते बघा. फायबरग्लास सडत नाही हे खरंय, पण त्याच्या आत कोंडलेलं लाकूड सडतं, आणि ऐंशीच्या दशकातल्या बहुतेक बोटींत ते असतंच. तळावर लांबीने जाणारे स्ट्रिंगर, म्हणजे बोटीचा कणा म्हणा, ते लाकडाचे असतात आणि वरून फायबरग्लासने मढवलेले. मागची भिंत, ट्रान्सम, ती प्लायवुडची. डेकच्या दोन पातळ थरांमध्ये बऱ्याचदा बाल्सा लाकूड. कुणीतरी कधीतरी एक स्क्रू सीलंट न लावता मारतो आणि तिथून वीस वर्षं थेंब थेंब पाणी आत जात राहतं.

बघायला जाताना प्लास्टिकचा छोटा हातोडा, टॉर्च, पाना आणि खराब झाले तरी चालतील असे कपडे न्या. तळ, ट्रान्सम, डेक सगळीकडे वीत-वीत अंतरावर ठोकत जा. चांगल्या जागी टणक आवाज येतो, सडलेल्या जागी भद् असा दबका येतो आणि पंधरा मिनिटांत कानाला फरक कळायला लागतो. इंजिन ज्या बोल्टांवर बसलंय त्यातला एखादा पान्याने हळूच आवळून बघा, तो पकड न घेता नुसता फिरत राहिला तर त्याखालच्या स्ट्रिंगरचा भुगा झालाय. मग एकाला मागच्या ड्राइव्हला (बोटीबाहेर लटकणारा, पंखा फिरवणारा भाग) धरून वर-खाली हलवायला सांगा आणि तुम्ही ट्रान्समवर नजर ठेवा, ड्राइव्हबरोबर ट्रान्समही हलताना दिसला की समजायचं. पोहायच्या फळीचे बोल्ट, तळाशी पाणी सोडायच्या बुचाचं भोक, ड्राइव्हसाठी कापलेल्या मोठ्या भोकाचे खालचे कोपरे, इथून तपकिरी पाण्याचे ओघळ आलेले असतील तर आत लाकूड कुजतंय.

हे सगळं सापडलं तरी बोट घेऊ नका असं मी म्हणणार नाही, आमच्या बोटीत यातलं सगळं होतं. पण काय घेतोय ते माहीत असून घ्या. आणि सांगाडा, इंजिन, ड्राइव्ह तिन्ही गेलेलं असेल तर त्याच पैशात दुसरी चांगली बोट शोधा, त्या मॉडेलवर तुमचा खास जीव असेल तर गोष्ट वेगळी.

सर्व्हेयर लावायचा का? कागदपत्रं काय बघायची?

हो, लावा, म्हणजे बोट तपासून रिपोर्ट देणारा माणूस. दीड हजार डॉलरच्या बोटीसाठी सर्व्हेयरला पाचशे-सातशे द्यायचे म्हणजे जीवावर येतं, पण मॉइश्चर मीटरचं रीडिंग ठोकून आलेल्या आवाजाशी ताडून बघणारा अनुभवी माणूस हवाच. आमच्या वेळी आम्ही विकणाऱ्यानेच दाखवलेला जुना रिपोर्ट मानला आणि त्यात ट्रान्समबद्दल एक ओळही नव्हती.

कागदांचं म्हणाल तर ट्रान्समच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात १२ अक्षर-अंकांचा हल नंबर (हल म्हणजे बोटीचं बाहेरचं कवच) कोरलेला असतो, नोव्हेंबर १९७२नंतर अमेरिकेत बनलेल्या प्रत्येक बोटीवर तो असतो आणि शेवटच्या अंकांवरून मॉडेलचं वर्ष कळतं. हा नंबर आणि टायटलवरचा, म्हणजे मालकीच्या कागदावरचा, नंबर अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. मिशिगनमध्ये २० फूट किंवा त्याहून मोठ्या बोटीला टायटल लागतंच. "कागद नंतर देतो" म्हणणाऱ्याकडून बोट घेऊ नका, यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

सुरुवात कुठून करू?

आधी पाणी आत यायचं थांबवा, आच्छादन घाला, तळाचं बूच काढून ठेवा आणि बोट नाकाकडून थोडी उंच करून सुकू द्या. मग सांगाडा. मग इंजिन, ड्राइव्ह आणि पेट्रोलची टाकी. मग वायरी. मग केबिन. रंग सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात, रंग आणि नवे कुशन आधी, कारण ते दिसतं आणि फोटो चांगले येतात, आणि मग वर्षभराने त्याच चकचकीत फ्लोअरला करवत लावायची वेळ येते.

अजून एक, बोट जॅक स्टँडवर असेल तर वजन मधल्या कण्याखालच्या ठोकळ्यांवर हवं, स्टँड फक्त तोल सांभाळायला असतात. समोरासमोरच्या स्टँडना साखळीने एकमेकांशी बांधा. काम करताना मध्ये येतो म्हणून एखादा स्टँड स्वतः सरकवायचा नाही, यार्डवाल्यांना बोलवा.

स्ट्रिंगर सडलेत. घरच्या घरी बदलता येतात?

येतात. घाण काम आहे, अंग खाजतं, पण अवघड नाही, फक्त क्रम चुकवायचा नाही. यावर मी जरा सविस्तर लिहितेय कारण इथेच बोटी कायमच्या वाकड्या होतात.

काही कापण्याआधी मापं घ्या. इंजिनाचे माउंट हलच्या तळापासून किती उंच आहेत, ट्रान्समपासून किती लांब, एकमेकांत किती अंतर, सगळं लिहा, फोटो काढा, आणि शक्य असेल तर इंजिन बाहेर काढायच्या आधी लाकडाची एक चौकट करून माउंटच्या जागा तिच्यावर उतरवून घ्या. इंजिन परत बसवताना अलाइनमेंट बार, म्हणजे इंजिन आणि ड्राइव्ह एका रेषेत आहेत का ते बघायची दांडी, सहज आत गेला पाहिजे आणि तो जाणं न जाणं या मापांवर ठरतं. आम्ही एक माप ट्रान्समच्या आतल्या कडेपासून घेतलं आणि दुसरं बाहेरच्या, त्यात एक पूर्ण आठवडा गेला.

हल खालून भरपूर ठिकाणी टेकलेला हवा, कारण स्ट्रिंगर काढले की फायबरग्लासचं ते भांडं मऊ पडतं आणि खालच्या आधाराचा आकार घेतं. म्हणून दोन्ही बाजूंचे स्ट्रिंगर एकदम काढायचे नाहीत. एक बाजू काढा, नवी बसवा, पूर्ण घट्ट होऊ द्या, मगच दुसरी. तळाखालून दोरा ताणून रोज सकाळी तपासा की काही सरकलं का.

फ्लोअर कापताना कडेला तीन-चार इंचांची पट्टी सोडा, नवं फ्लोअर तिच्यावर बसतं. ओलं लाकूड हाताने, खुरप्याने, पटाशीने निघतं, आमचं काही ठिकाणी ओल्या चहापत्तीसारखं मुठीत आलं. मग ३६ किंवा ४० नंबरच्या डिस्कने जुनं फायबरग्लास चकाकी जाऊन फटफटीत पांढरं दिसेपर्यंत ग्राइंड करायचं. नव्या रेझिनला, म्हणजे कापडात मुरून घट्ट होणाऱ्या पातळ प्लास्टिकला, धरायला असा खडबडीत, कोरडा पृष्ठभागच लागतो, चकाकीवर ते नुसतं चिकटल्यासारखं दिसतं आणि पहिल्या लाटेला सुटतं.

नवीन स्ट्रिंगरसाठी आम्ही १८ मिलिमीटरचं मरीन प्लाय दोन थर एकमेकांना चिकटवून वापरलं. बीएस १०८८ शिक्क्याचं घ्या, त्यात आतल्या थरांतही पोकळ जागा चालत नाहीत. लाकूडच नको असेल तर कूसा बोर्ड मिळतो, पॉलियुरेथेन फोममध्ये काचेचे धागे घातलेला, सडत नाही पण महाग पडतो. स्ट्रिंगर बसवण्याआधी त्याला सगळ्या बाजूंनी इपॉक्सी (दोन भाग कालवून घट्ट होणारं रेझिन) पाजा, कापलेल्या कडांना तर दोनतीनदा, कारण तिथून लाकूड पाणी ओढतं. हलच्या काचेवर लाकडाची धारदार कड थेट टेकवायची नाही, दाट केलेल्या इपॉक्सीच्या गादीवर बसवायचा आणि दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांत त्याच मसाल्याचा गोलसर भराव घालायचा म्हणजे कापड काटकोनात न मोडता वळतं. वर १७०८ बायॲक्सियल, म्हणजे दोन दिशांच्या काचेच्या धाग्यांच्या, कापडाचे तीन थर, पहिला हलवर ४ इंच येईल असा, दुसरा ६, तिसरा ८, म्हणजे कड पायरी-पायरीने उतरते आणि जोर एकाच रेषेवर येत नाही.

नंतर जे स्क्रू-बोल्ट जातील त्यांची भोकं आधी मोठी पाडा, दाट इपॉक्सीने भरा, सुकल्यावर त्यात योग्य मापाचं भोक पाडा. म्हणजे बोल्ट कधी लाकडाला शिवतच नाही. बिल्जचं, म्हणजे बोटीच्या तळाशी साचणारं, पाणी वाहून जायला स्ट्रिंगरमध्ये जी भोकं ठेवतो त्यांना आतून पाइपचा तुकडा बसवून सील करा, आमच्या बोटीची सड याच भोकांपासून सुरू झाली होती.

आणि ट्रान्सम?

पद्धत तीच, फक्त जाडी नेमकी हवी. मर्क्रूझर कंपनीचा स्टर्नड्राइव्ह (इंजिन आत, ड्राइव्ह ट्रान्समबाहेर) असेल तर ट्रान्सम २ ते सव्वादोन इंच जाड लागतो आणि आतला-बाहेरचा पृष्ठभाग एकमेकांना समांतर, एक अष्टमांश इंचाच्या आत. म्हणून प्लाय आणि कापड दोन्हींची जाडी धरून आधी हिशोब करा, नमुन्याचा एक तुकडा बनवून कॅलिपरने मोजा. क्लँप जितके असतील तितके कमीच पडतात, शेजाऱ्यांकडूनही आणा.

पॉलिएस्टर रेझिन स्वस्त आहे, इपॉक्सीच का?

बोट मुळात पॉलिएस्टरने बनलीय, पण ती साच्यात ओल्यावर ओला थर देऊन बनलीय, सगळं एकजीव झालेलं. तुम्ही तीस-चाळीस वर्षं सुकलेल्या फायबरग्लासवर नवीन थर देताय, तिथे फक्त चिकटून राहायची ताकद कामाला येते आणि त्यात इपॉक्सी बरंच पुढे आहे. सांगाड्याला माझ्या मते इपॉक्सीच. साध्या डाग-ओरखड्यांना जिथे वर जेलकोट (बोटीचा चकचकीत बाहेरचा थर) यायचाय तिथे पॉलिएस्टर किंवा व्हिनिलएस्टर चालतं, कारण पॉलिएस्टरचा जेलकोट इपॉक्सीवर नीट बसेलच असं नाही.

इपॉक्सीचं प्रमाण म्हणजे प्रमाण. वेस्ट सिस्टिमचं १०५ रेझिन २०५ किंवा २०६ हार्डनरबरोबर ५ला १, त्यात "लवकर सुकावं म्हणून थोडं जास्त" असं करायचं नाही, जास्त हार्डनरने ते चिकट राहतं आणि सगळं खरवडून काढावं लागतं. पॉलिएस्टरमध्ये एमईकेपी, म्हणजे त्याचा हार्डनर, हवेप्रमाणे १ ते २ टक्क्यांच्या दरम्यान कमी-जास्त करता येतं, इपॉक्सीत नाही. खोल डब्यात एकदम जास्त कालवलं की आपोआप तापतं, धूर निघतो, म्हणून थोडं थोडं आणि पसरट ट्रेमध्ये. सुकल्यावर वर मेणासारखा चिकट थर येतो तो आधी साध्या पाण्याने आणि घासणीने धुवायचा, मगच सँडिंग. आधी घासलंत तर तो थर आत चोळला जातो आणि पुढचा रंग सुटतो.

साधी मॅट, म्हणजे कापलेल्या धाग्यांची, इपॉक्सीबरोबर वापरू नका. तिचे धागे धरून ठेवणारी पावडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळते, इपॉक्सीत विरघळत नाही आणि मॅट वळायचं नाव घेत नाही. १७०८च्या मागची मॅट शिवलेली असते, ती चालते.

डेकवर चालताना मऊ लागतं. भोकं पाडून आत रेझिन सोडलं तर?

नाही. ओल्या बाल्साला रेझिन धरत नाही, भोकांभोवती चार बोटं कडक जागा होते आणि मधलं कुजत राहतं. वरचा थर कापून अखंड उचला, ओलं काढा, नवीन बाल्सा किंवा फोम बसवा, तोच थर परत चिकटवा आणि सांध्यावर १२ला १ उताराची कड घासून कापड भरा. नंतर दोर बांधायचे क्लीट आणि रेलिंग बसवताना ब्यूटिल टेप, म्हणजे मऊ चिकट सीलंटची पट्टी. थ्रीएम ५२०० हे पक्कं चिकटणारं सीलंट फक्त तिथेच लावा जिथलं काही परत काढायचंच नाहीये. आणि घरगुती सिलिकॉन बोटीपासून लांब ठेवा, एकदा लागलं की त्या जागी पुढे ना रंग धरतो ना जेलकोट.

तळाला फोड आलेत, बोट गेली का?

गेली नाही. जेलकोटमधून पाणी हळूहळू आत झिरपतं, आत प्रक्रिया पूर्ण न झालेल्या रसायनांत मिसळतं आणि दाबाने फोड येतो, फोडलात तर व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. दहा-वीस असतील तर एकेक उघडा, धुवा, पूर्ण सुकू द्या, इपॉक्सीने भरा. सगळा तळ भरलेला असेल तर जेलकोट सोलून महिनोन्‌महिने सुकवायचा आणि मग बॅरियर कोट, म्हणजे पाणी अडवणारा थर. इंटरप्रोटेक्ट २०००ई लावलात तर सुकल्यावर १० मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडी भरायला हवी, त्याला चार-पाच हात लागतात. घाई कराल तर आतलं पाणी आतच कोंडलं जाईल.

जुना तळाचा रंग कोरडा घासू नका. लहान बोटींवर ट्रिब्युटिलटिन या विषारी रसायनाच्या रंगांना अमेरिकेत १९८८मध्ये बंदी आली आणि त्याआधीच्या बोटींवर खालच्या थरांत तो असू शकतो. ओलं घासा, खाली प्लास्टिक अंथरा, सगळा चिखल गोळा करा.

इंजिन गाडीचंच आहे ना? मग गाडीचे पार्ट का नाही लावायचे?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी सगळ्यात जास्त वेळ देते. हो, आमच्यासारखं ५.७ लिटरचं व्ही८ मुळात शेव्हर्लेच्या गाड्यांतलंच आहे. पण गाडीचं इंजिन खालून उघडं असतं, पेट्रोलची वाफ जमिनीवर सांडून उडून जाते. बोटीत खाली बंद भांडं असतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बिल्जमध्ये साचते आणि एक ठिणगी पुरते. म्हणून मरीन स्टार्टर, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्यूटर हे ठिणगी बाहेर पडणार नाही असे बनवलेले असतात, त्यावर एसएई जे११७१ हा मानकाचा क्रमांक लिहिलेला असतो. मरीन कार्बोरेटर भरून वाहिला तर पेट्रोल बाहेर न सांडता आत घशात जातं. फ्युएल पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल पारदर्शक नळीतून कार्बोरेटरकडे जातं, बिल्जमध्ये नाही. दुकानात गाडीचा स्टार्टर अर्ध्या किमतीत मिळतो, हुबेहूब तसाच दिसतो, बसतोही. तो लावू नका. त्या बोटीत तुमची मुलं झोपणार आहेत.

ब्लोअर, म्हणजे बिल्जमधली हवा बाहेर फेकणारा पंखा, चालू करून चार मिनिटं थांबणं आणि इंजिनाचं झाकण उघडून नाकाने वास घेणं, दोन्ही, प्रत्येक वेळी इंजिन सुरू करण्याआधी, विशेषतः पेट्रोल भरल्यावर. कार्बोरेटरवरचा फ्लेम अरेस्टर (ज्वाळा बाहेर येऊ न देणारी जाळी) साफ आणि घट्ट हवा. अग्निशामकावर बनवल्याची तारीख बघा, परत न भरता येणारे १२ वर्षांनी बाद धरतात.

इंजिन चांगलं आहे का बघायला आधी सगळ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्या, आकडे एकमेकांच्या १०-१५ टक्क्यांत असले तर बरं. डिपस्टिकवर दुधाळ तेल म्हणजे पाणी आत गेलंय. बऱ्याचदा मूळ कारण एक्झॉस्ट मॅनिफोल्ड किंवा रायझर (इंजिनाचा धूर बाहेर नेणारे भाग) आतून गंजणं असतं, खाऱ्या पाण्यात ते साधारण पाच-सात वर्षांत बदलावे लागतात. ग्रेट लेक्सचं पाणी गोडं, त्यामुळे इकडच्या बोटींचे कितीतरी जास्त टिकतात. जुनी बोट शोधताना गोड्या पाण्यात वाढलेली बोट मिळाली तर जरा जास्त पैसे द्यायला हरकत नाही.

स्टर्नड्राइव्हचं काय काय बदलू?

इतिहास माहीत नसेल तर रबराचे सगळे बेलोज (पाणी आत येऊ न देणाऱ्या घड्यांच्या नळ्या), गिंबल बेअरिंग (ड्राइव्हचा दांडा ज्यात फिरतो ते), पाण्याचा इंपेलर (गार करायचं पाणी ओढणारं रबरी चाक), शिफ्ट केबल, गिअर तेल, एकदम. बेलोज फाटला तर बोट धक्क्याला बांधलेल्या जागी बुडू शकते, ड्राइव्ह एका बाजूला पूर्ण वळवून घड्या उघडून भेगा बघत जा. ड्राइव्ह ॲल्युमिनियमचा असतो, त्याला तांबं असलेला तळाचा रंग फासायचा नाही, ॲल्युमिनियम खाऊन टाकतो. ॲनोड, म्हणजे ड्राइव्हऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे, खाऱ्या पाण्यात झिंकचे, गोड्यात मॅग्नेशियमचे, खाडीसारख्या मचूळ पाण्यात ॲल्युमिनियमचे, आणि त्यांच्यावर रंग लावायचा नाही, लावलात तर ते कामच करत नाहीत.

पेट्रोलची टाकी दिसते ठीक. राहू देऊ?

वरून ठीक दिसते. या टाक्या बऱ्याचदा ॲल्युमिनियमच्या आणि फोममध्ये गाडलेल्या असतात, तो फोम पाणी धरून ठेवतो आणि टाकी खालून बाहेरच्या बाजूने कुरतडली जाते. फ्लोअर उघडलंच आहे तर टाकी बाहेर काढा, प्रेशर टेस्ट करून घ्या. नळ्या सगळ्या नवीन, इंजिनकडे जाणाऱ्यांवर टाइप ए१ छापलेलं हवं. पेट्रोलमधलं इथॅनॉल पाणी ओढतं आणि जास्त झालं की खाली वेगळा थर करून बसतं. अमेरिकेत ई१५ (१५ टक्के इथॅनॉलचं पेट्रोल) बोटीत घालायला परवानगीच नाही, ई१०च्या वर जाऊ नका, भारतात तर आता ई२० सर्रास आहे त्यामुळे तिकडे जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचे गास्केट यांच्याकडे दुप्पट लक्ष द्या.

वायरिंग जुनं आहे पण दिवे लागतात.

आधीच्या चार मालकांनी प्रत्येकी आपली वायर घातलेली असते आणि कुणीच जुनी काढलेली नसते. आम्ही सगळी उपटली, बादलीभर निघाली. कल्हई केलेली तांब्याची, अनेक तारांची मरीन वायर वापरा, घरातली एकतारी वायर कंपनाने मोडते. जोड क्रिंप करून वर गरम करून आवळणारी नळी. बॅटरीपासून ७ इंचांच्या आत फ्युज. धक्क्यावरची वीज बोटीत घेणार असाल तर तेवढं काम जाणकार मरीन इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्याच, कारण गोड्या पाण्यात गळणारा करंट आसपास पोहणाऱ्याच्या अंगातून जातो आणि माणूस काही न दिसता बुडतो. धक्क्याजवळ मुलांना पोहू देऊ नका, बोट कुणाचीही असो.

केबिनमध्ये कुबट वास येतो.

खिडक्या गळतात म्हणून. फ्रेम काढा, साफ करा, ब्यूटिल टेपवर परत बसवा. भिंतीवरचं जुनं फोमवालं कापड ओरबाडून फेका, वास त्यातच असतो. टॉयलेटच्या नळ्याही बदला, ओल्या फडक्याने नळी पुसून फडक्याचा वास घेतला की कुठली मुरलीय ते कळतं. मिशिगनच्या पाण्यात मैला सोडायला मनाई आहे, होल्डिंग टँक हवाच. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म केबिनमध्ये पहिल्या दिवसापासून लावा, हळू चालताना मागचा धूर कॉकपिटमधून परत आत ओढला जातो आणि त्याला स्वतःचा वास नसतो.

जेलकोट पांढराफटक झालाय, रंगच लावू का?

आधी एका हातभर जागेवर ६००, ८००, १०००, १५०० नंबरच्या सँडपेपरने ओलं घासून कंपाउंड मारून बघा, जाडी शिल्लक असेल तर आतून मूळ रंग असा वर येतो की डोळ्यांवर विश्वास बसत नाही. खालचा थर दिसायला लागला तर मात्र दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग. घरी फवारू नका, त्यातले आयसोसायनेट फुप्फुसांना फार वाईट, रोलरने लावून लगेच ब्रशच्या टोकाने हलकं ओढा, छान बसतो.

काम करताना काय जपायचं?

पूर्ण चेहऱ्याचा रेस्पिरेटर, धूळ आणि वाफ दोन्हींची कार्ट्रिज, अंगभर सूट, बाह्या टेपने बंद. एमईकेपी डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते, आणि ते ॲसिटोनमध्ये कधीच मिसळायचं नाही, स्फोट होऊ शकतो. दिवस संपल्यावर आधी गार पाण्याने अंघोळ, गरम पाण्याने खाज आणखी वाढते असा माझा अनुभव.

हिवाळ्यात काय करता?

माझे मामा देवगडचे. पावसाळ्याआधी किनाऱ्यावर होड्या ओढून झापांनी शाकारायचे, नारळी पौर्णिमेनंतर परत पाण्यात. आमचं इकडे उलट्या ऋतूत तेच चालतं, ऑक्टोबरात बोट वर, मेमध्ये खाली. झापांऐवजी श्रिंक रॅप, म्हणजे गरम करून आवळायचं प्लास्टिक, त्यालाही हवा खेळायला झरोके ठेवायचे नाहीतर वसंतात आत बुरशी.

पण खरं काम इंजिनाचं. आत राहिलेलं पाणी गोठून ब्लॉक फुटतो. ब्लॉकच्या दोन्ही बाजूंचे आणि मॅनिफोल्डचे ड्रेन उघडा, आणि पाणी आलं नाही म्हणजे रिकामं आहे असं समजू नका, भोकात तार घालून फिरवा, गंजाचा खपला अडकलेला असतो आणि तो निघाला की भसकन पाणी येतं. मग न गोठणारं गुलाबी प्रॉपिलीन ग्लायकॉल भरा, गाडीचं हिरवं नाही, ते विषारी असतं. ड्राइव्ह खाली उभा सोडा म्हणजे पाणी उतरतं. गिअर तेल शरद ऋतूतच बदला, दुधाळ निघालं तर सील गेलंय आणि ते पाणी गोठून ड्राइव्हच्या कवचाला तडा जाऊ शकतो.

एकूण खर्च? वेळ?

आमचा: बोट १,५०० डॉलर, रेझिन-कापड-प्लाय साधारण ४,०००, इंजिन-ड्राइव्ह ५,०००च्या आसपास, टाकी-वायरिंग २,५००, बाकी यार्डाचं भाडं, रंग, कुशन, हत्यारं धरून १८,०००ला पोचलो. विकली तर निम्मेही यायचे नाहीत. तास मोजायचे मी ७००नंतर सोडले. हे आकडे बघून जो माणूस गप्प होतो त्याला मी मनापासून सांगते की चालती बोट घे, त्यात काही कमीपणा नाही. ज्याचे डोळे तरीही चमकतात त्याच्याशी पुढे बोलते.

भारतात असं करता येईल का?

का नाही, कोकणात आणि गोव्यात फायबरच्या होड्या बनवणारे हात आहेत आणि ते पॉलिएस्टरमध्ये माझ्याहून सफाईदार काम करतात. ऑक्टोबर ते मे मध्येच लॅमिनेशन करा, दमट हवेत इपॉक्सीवर चिकट थर जास्त येतो. उकाड्यात रेझिन लवकर धरतं म्हणून थोडं थोडं कालवा, पण एमईकेपी १ टक्क्याच्या खाली नेऊ नका. पेट्रोल स्टर्नड्राइव्हचे सुटे भाग बाहेरून मागवावे लागतात, त्यापेक्षा ट्रान्सम मजबूत करून आउटबोर्ड (मागे बाहेर टांगायचं इंजिन) लावणं सोपं पडू शकतं. नोंदणीचं काम सुरू करण्याआधी विचारून घ्या, महाराष्ट्रात मेरीटाइम बोर्ड, गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्स.

पहिल्यांदा पाण्यात उतरवताना?

लिफ्टवाल्याला आधीच सांगा की पट्टे लगेच सोडायचे नाहीत. बोट पाण्यात टेकली, पट्टे अजून खाली आहेत, अशा वेळी आत उतरून टॉर्चने सगळं बघा, बूच, बेलोजच्या आतली बाजू, ट्रान्समची चौकट, हलमधून जाणारा प्रत्येक नळ, टॉयलेटची नळी. हात फिरवून बघा, ओलावा डोळ्यांआधी बोटांना कळतो. आम्ही वीस मिनिटं तशीच ठेवली होती, एका नळाशी थेंब दिसला, क्लँप अर्धा फेरा आवळला, परत पुसलं, परत वाट बघितली. जागा कोरडी राहिली. मग नाकावर नारळ वाढवला आणि लिफ्टवाल्याला हात केला.